तांबड्याचे दहा दिवस

दिवाळी सरते, सकाळी जरा गारवा जाणवतो, बायपासवरून उसाच्या ट्रॉल्या जायला लागतात आणि माझी उजवी मूठ आपोआप आवळली जाते. हातात पट्टा असो वा नसो. पट्ट्याचे हाताला दोन वेढे द्यायचे, डाव्या हातात काठी धरायची आणि वळणावर आधी कानोसा घ्यायचा, ही सवय मला एका हंगामात लागली आणि आजवर सुटलेली नाही. आता मी निवृत्त आहे. नगरच्या एका उपनगरात राहते आणि गंगी नावाची एक गरीब कुत्री फिरवते. तरी कोपऱ्यावरून एखादं मोकळं कुत्रं मान खाली घालून येताना दिसलं की मी पट्ट्याचा आणखी एक वेढा घेते. त्याचा मालक मागे फाटकात दात घासत उभा असतो आणि तिथूनच सांगतो, "काही करत नाही हो ते!" कपाळ माझं. तीस वर्षं हेच वाक्य ऐकते आहे. भांडायचाही आता कंटाळा येतो. गंगीला उचलून कडेला घेते आणि उभी राहते.

तेव्हा आम्ही श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत राहत होतो. नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. आम्ही म्हणजे मी, पप्पा आणि मेजर. मी कारखान्याच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. लग्न केलेलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारून विचारून लोकही दमले होते. पप्पा मिशनच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. मेजर हा पप्पांचा कुत्रा. काळाभोर, छातीवर पांढरा डाग, अंगानं थोराड आणि स्वभावानं गोगलगाय. बघणाऱ्याला वाटायचं हा फाडून खाईल, आणि तो कोंबडीलाही वाट देऊन बाजूला व्हायचा.

त्या पावसाळ्यात पप्पांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. ज्या माणसानं तीस वर्षं वर्गात खणखणीत आवाजात कविता म्हटल्या, त्याच्या तोंडून एकेक शब्द विहिरीतून बादली ओढावी तसा वर यायला लागला. त्यांना अंघोळ घालायची, भरवायचं, औषधं द्यायची, शाळा करायची, वह्या तपासायच्या, आणि वर मेजर. मेजरनं जन्मात कधी अंगणात घाण केली नाही. पप्पांनी त्याला सवयच तशी लावलेली. पहाटे उजाडता उजाडता कालव्याच्या पाटापर्यंत जायचं आणि यायचं, पाऊण तासाचा फेरा. मी परत आले की खाटेवरून पप्पा विचारत, "कुठपर्यंत?" मी म्हणायची, "पाटापर्यंत, पप्पा." मग ते डोळे मिटून घेत. मला वाटायचं, ते आता मनानं पाटापर्यंत जाऊन येत असणार. दिवसभरात त्यांनी आपणहून विचारलेला तेवढाच एक प्रश्न असायचा.

दसऱ्यानंतर बॉयलर पेटला. कारखान्याचा भोंगा झाला की अख्खी वसाहत जागी व्हायची. हवेत मळीचा तो आंबूस-गोड वास भरायचा. पहिले चार दिवस नको वाटतो आणि मग नाकाला कळेनासाच होतो. वाळत घातलेल्या पांढऱ्या साडीवर काजळीचे बारीक तुकडे येऊन बसायचे. झटकले तर डाग, नाही झटकले तरी डाग. आणि मग जामखेड-बीडकडून ऊसतोडीवाल्यांच्या बैलगाड्या यायला लागल्या. पाटाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, जिथे पावसाळाभर नुसतं गवत असायचं, तिथे आठ दिवसांत कोप्यांचं गाव उभं राहिलं. बांबू वाकवायचे, वर चटई नाहीतर पाचट टाकायचं, झालं घर. बायका पहाटे तीनला उठून भाकऱ्या थापायच्या. मी जायची तेव्हा चुली विझत आलेल्या असायच्या आणि उसाच्या वाढ्यांचा, म्हणजे छाटलेल्या शेंड्यांचा, ओला हिरवा वास रस्त्यावर पसरलेला असायचा. आज लिहिताना हे सगळं मोठं छान वाटतंय. तेव्हा मला त्यातलं काही दिसत नव्हतं. मला दिसत होती कुत्री.

प्रत्येक दोन-तीन गाड्यांमागे एक कुत्रं आलेलं होतं. सगळी मोकळी. माणसं उसाच्या फडात गेली की कोपीतल्या पिठाची, तेलाची राखण त्यांच्याकडे. मग त्यांनी कामात कसूर का करावी? मेजर दिसला की पहिलं भुंकायचं, मग दुसरं, मग सगळी मिळून रस्ता अडवायची. माझा कुत्रा पट्ट्यात. त्याला पळता येत नाही, भांडता येत नाही, आणि कुणाला भुंकून उत्तर द्यायला गेला तर मीच त्याला ओढते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तो संन्यासी मेजर. मी काठी आपटत, "हाड, हाड" करत, एक पाऊल पुढे आणि दोन मागे अशी सरकायची. परत येईपर्यंत खांदा भरून यायचा, आणि अजून सबंध दिवस पुढे पडलेला असायचा.

लोकांचं काय, लोकांना गंमत. एक गाडीवान जू बांधता बांधता म्हणाला, "बाई, कुत्र्याला कशाला बांधून न्येता? ते काय पळून जातंय व्हय?" दुसरा म्हणाला, "बाई न्हाई फिरवत, कुत्रंच फिरवतंय बाईला." हशा पिकला. मीही हसल्यासारखं केलं. तोंडावर हसू आणि मनात आग, हा खेळ शिक्षकांना चांगला जमतो.

सगळ्यांत वाईट होतं ते तांबडं. अर्धा कान तुटलेलं, उभट, सडपातळ अंगाचं. ते भुंकायचं नाही, हे त्याचं वाईट. गप मागून यायचं. पाटाच्या अलीकडच्या बाभळीजवळ जी शेवटची कोपी होती, तिच्यापुढे ते बसलेलं असायचं. एक दिवस मी तिथे उभी राहून विचारलं, "हे कुत्रं कुणाचं?"

कोपीतून एक बाई बाहेर आली. सोजर तिचं नाव, हे नंतर कळलं. जामखेडकडची, माझ्याच वयाची असेल, पण उन्हानं रापून माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी दिसायची. ते आजच पहिल्यांदा दिसावं तसं तिनं कुत्र्याकडे पाहिलं.

"आमचं न्हाई, बाई."

"तुमच्या दारात बसलंय की."

"बसतंय. गाडीच्या मागं आलंय कुठनं तरी."

"मग बांधून तरी ठेवा."

"आमचं न्हाई तर बांधू कसं?"

मी पुढच्या कोपीत विचारलं, तिथेही तेच. त्या अख्ख्या तळावर वीसेक कुत्री होती आणि मालक एकालाही नव्हता. मला राग यायचा. आज समजतं. मालक झालं की कुत्र्याच्या प्रत्येक दाताची जबाबदारी येते, आणि वसाहतीतल्या कुणा साहेबाच्या पोराला चावलं तर मुकादम अख्ख्या टोळीला उठवायला कमी करणार नाही. तेव्हा कुत्रं कुणाचंच नसलेलं बरं. वसाहतीतल्या बंगलेवाल्यांची तऱ्हा उलटी. त्यांचं कुत्रं त्यांचंच, पण ते काही करत नाही. दोन्हीकडून पट्टा फक्त माझ्या हातात. डिसेंबरात एकदा माझा तोल सुटला. तांबडं मेजरच्या मागच्या पायाशी आलं आणि मी सोजरच्या दारात उभी राहून ओरडले, "उद्या हे मोकळं दिसलं तर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात जाऊन सांगेन. मग बसा!" तिनं पदर पुढे ओढला आणि आत गेली. त्यानंतर मी पाटापर्यंत जाणंच सोडलं. शाळेच्या मागून फिरून यायची. पप्पा विचारायचे, "कुठपर्यंत?" आणि मी म्हणायची, "पाटापर्यंत." लकव्यानं खाटेला खिळलेल्या बापाशी असलं खोटं बोलायचं, फार वाईट वाटायचं. पण खरं सांगितलं असतं तर त्यांची तेवढी वाटही बंद झाली असती.

नाताळ झाला. घरावर लावलेला चांदणीचा कंदील अजून उतरवायचा होता. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मला कसलीशी लाज वाटली आणि मी ठरवलं, आज जायचंच. धुकं होतं. तळावरची माणसं फडात गेलेली. पाटावर पोचलो, मेजरनं पाण्यात तोंड बुडवलं, आणि वळताना झुडपातून तांबडं आलं. न भुंकता. त्यानं मेजरची मान धरली. मी काठी घातली, ती कुणाला लागली देव जाणे. मध्ये पाय घातला आणि पोटरीत काहीतरी गरम गेलं. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचा खेळ. ते जसं आलं तसं निघून गेलं. मेजरच्या मानेतून रक्त, माझ्या पोटरीतून रक्त, आणि आजूबाजूला चिटपाखरू नाही.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जखम साबणानं बराच वेळ धुवायला लावली. मग विचारलं, "कुत्रं माहितीतलं आहे का? रोज दिसतं?" मी हो म्हटलं. "मग दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा. दहा दिवस धडधाकट राहिलं, तर काळजी नाही. मेलं किंवा नाहीसं झालं, तर पोटात चौदा इंजेक्शनं." माझ्या पोटाची मला तितकी भीती नव्हती. खरी भीती जनावरांच्या डॉक्टरांनी घातली. मेजरची लस त्या वर्षी राहून गेली होती. पप्पांच्या आजारपणात कुणाला आठवणार? ते म्हणाले, "बाई, स्पष्टच सांगतो. ते कुत्रं दहा दिवस जगलं तर हाही जगला. त्याचं काही बरंवाईट झालं, तर याला घरात ठेवणं धोक्याचं आहे. घरात आजारी माणूस आहे तुमच्या. सुई देऊन मोकळं करावं लागेल." मेजर तेव्हा त्यांच्या टेबलाखाली माझ्या पायावर हनुवटी ठेवून बसला होता.

झालं. ज्या कुत्र्याला मी दोन महिने शिव्याशाप दिले, त्याच्या आयुष्यासाठी मी रोज प्रार्थना करायला लागले. हसू नका. गुडघ्यावर बसून, पप्पांच्या नावानंतर लगेच, "प्रभू, त्या तांबड्याला सांभाळ."

तळावर काय सांगायचं, याचा मी रात्रभर विचार केला. चावलं म्हणून सांगावं, तर 'आमचं न्हाई' हे आहेच. आणि डॉक्टर दहा दिवस बघायला सांगतायत, असं म्हटलं तर कुणीतरी 'पिसाळलंय' म्हणणार. मग ही माणसं काठ्या-कोयते घेऊन उठतील आणि पहिल्याच दिवशी त्याचा निकाल लावतील. अडाणी माणसं, असं मी मनात म्हटलं. शाळामास्तरणीचा शहाणपणा! ठरवलं, कुणाला काही सांगायचं नाही. गुपचूप जायचं, बघायचं, यायचं.

दुसऱ्या दिवसापासून मी शाळा सुटल्यावर एकटीच जायला लागले. मेजर मागच्या लाकडाच्या खोलीत बांधलेला. पप्पांना सांगितलं, त्याच्या पायात काटा मोडलाय. तळावर माणसं फडातून परतलेली असायची, बायका चुलीपुढे. तांबडं शेवटच्या कोपीपाशी. मी दुधात कुस्करलेली भाकरी न्यायची आणि लांबूनच त्याच्यापुढे टाकायची. ते खातंय ना, घास नीट गिळतंय ना, लाळ तर गळत नाही, हे डोळ्यांत तेल घालून बघायची. मग ते डबक्यावर जाऊन पाणी पिईपर्यंत उभी राहायची. ते पाणी प्यायलं की माझा जीव भांड्यात पडायचा. सोजर विचारायची, "काय बाई, कुनीकडं?" मी म्हणायची, "काही नाही, सहज. कुत्रं आहे का इथंच?" ती म्हणायची, "हाय की. तिकडं काय बसलंय." एवढंच. चौथ्या दिवशी तांबड्यानं मला बघून शेपटी हलवली. पाचव्या दिवशी ते चार पावलं पुढे आलं. त्या दिवशी सोजर चुलीवरून उठली, माझ्या हातातल्या डब्याकडे बघत राहिली आणि तिनं तिथे खेळणाऱ्या लेकीला हाताला धरून आत नेलं. ते मी पाहिलं, पण माझ्या डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं. पाच झाले, पाच राहिले, एवढंच चाललं होतं.

सहाव्या दिवशी तांबडं नव्हतं. डबक्यावर नाही, बाभळीखाली नाही, गाड्यांखाली नाही. सोजर कोपीच्या तोंडाशी बसली होती. मला बघून उठली. तिचे डोळे सुजलेले होते, पण ती हसली.

"आता निवांत फिरा, बाई. त्याचा बंदोबस्त केला."

"बंदोबस्त म्हणजे?"

"आमच्या मालकांनी सकाळच्याला मारलं. वढ्याच्या पल्याड पुरून आले."

माझ्या हातात डबा होता. मी विचारलं, "का?"

"तुमी रोज येत हुता. तोंडानं काई बोलत न्हाई, भाकरी घालून बघत ऱ्हाता, मरतंय का न्हाई ते. आमाला कळतं, बाई. वसाहतीत औषध घालून मारत्यातच की कुत्री. मालक म्हनले, बाई शिकलेली, देवभोळी हाय. तिच्या हातनं मुक्या जनावराचं पाप कशाला? आपनच करू. आन शेतकी ऑफिसात तक्रार झाली तर टोळी उठंल." मग ती खाली बघत म्हणाली, "आमचंच हुतं, बाई. घरनं आनलेलं. गाडीखालीच जल्मलं हुतं."

मी म्हणाले, "बरं झालं." तिनं माझ्यासाठी पोटचं ओढून काढून दिल्यासारखं केलं होतं आणि ती शाबासकीची वाट बघत होती. मी ती देऊन टाकली आणि घरी आले.

पोटात चौदा इंजेक्शनं घेतली. रोज एक. एकेक गाठ लिंबाएवढी सुजायची, पदराची गाठ लागली तरी जीव जायचा. त्याबद्दल माझी कुणाकडे तक्रार नाही. पहिलं इंजेक्शन घेऊन आले त्या संध्याकाळी पप्पांना सगळं सांगितलं. खोटा पाट, काटा, तांबडं, डॉक्टर, सुई, सगळं. त्यांनी बराच वेळ घेऊन एकच शब्द काढला, "बांध." जनावरांच्या डॉक्टरांचं न ऐकता मेजरला आम्ही सहा महिने लाकडाच्या खोलीत बांधून ठेवला. काठीनं ताटली आत सरकवायची आणि काठीनंच ओढायची. त्याला हात लावायचा नाही. पप्पांची खाट मी खिडकीशी हलवली. तो तिकडून कुईकुई करायचा, पप्पा इकडून "मे... मे..." करायचे. उन्हाळा गेला, आषाढ आला आणि मेजरला काहीएक झालं नाही. म्हणजे तांबडं निरोगी होतं. ते दहा दिवस सहज जगलं असतं, नंतरही जगलं असतं. मेजर बाहेर आला तेव्हा त्याच्या मागच्या पायांत जोर उरला नव्हता. पप्पांनी पुन्हा कधी "कुठपर्यंत" म्हणून विचारलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. हंगाम मार्चअखेरीस संपला, तेव्हा मेजर आत बांधलेलाच होता. कोप्या एका दिवसात मोडल्या. सकाळी गाड्या वसाहतीवरून निघाल्या. वर संसार, कोंबड्यांची खुराडी, पोरं. माझ्या फाटकाशी एक गाडी सावकाश झाली आणि सोजर उतरली. माझ्या हातात तिनं हुलग्याची पुरचुंडी दिली. गावाकडचे, राहिलेले.

ती म्हणाली, "बाई, वाट मोकळी करून दिली, तरी तुमी फिरायला येत न्हाई. तुमचं कुत्रं दिसत न्हाई. आन एक इचारू का? राग नका धरू. त्यानं तुमचं नेमकं काय केलं हुतं?"

एवढे दिवस गिळलेलं सगळं तेव्हा बाहेर आलं. दमले होते मी. गप्प राहायलाही ताकद लागते, ती उरली नव्हती. मी सांगून टाकलं. पाटावर चावलं ते, डॉक्टर, दहा दिवस, ते जगावं म्हणून आणलेली भाकरी, आत बांधलेला मेजर. सोजर ऐकत होती. तिच्या तोंडावर राग आला नाही, याचीच मला भीती वाटली. पुढच्या गाड्या वळणापर्यंत पोचल्या होत्या आणि तिचा नवरा हाक मारत होता.

"धा दिसच ना, बाई?" ती म्हणाली. "सांगायचं हुतं की. माज्या उशाला बांधून ठिवलं असतं."

मग ती गाडीमागे पळत गेली.